४००० हर्ट्झवरचा खड्डा : माझे श्रवणयंत्र कसे निवडले

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे धरणगाव परिसरातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात देखरेखीच्या कामात गेली. कापसाचा हंगाम सुरू झाला की दुहेरी रोलरची यंत्रे ओळीने रात्रंदिवस चालत, आणि रुई व सरकी वेगळी होतानाचा तो खडखडाट असा असे की शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागे. अशा आवाजात वर्षानुवर्षे वावरणाऱ्यांच्या कानावर काय परिणाम होतो हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांची सूचना देणे बंधनकारक होते अशा आजारांच्या यादीत, गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचाही समावेश होता. आमच्यापर्यंत मात्र ही माहिती निवृत्तीनंतर, कानांच्या तक्रारीसोबतच पोहोचली.

तक्रार अशी होती की आवाज ऐकू येई, पण शब्द उमगत नसे. ट्रकचा भोंगा, मंदिरातला पखवाज, सुरत-भुसावळ मार्गावरून जाणारी मालगाडी हे सगळे मला स्वच्छ ऐकू येत होते. घरात मात्र सौ. ‘चाय’ म्हणाली की ‘साय’, हे मला ओठ पाहिल्याशिवाय सांगता येत नसे. पुरुषांचे बोलणे बऱ्यापैकी कळे; सुनेचे आणि नातवाचे बोलणे मात्र निसटून जाई. ‘आबा, तुमले ऐकू येस का?’ असे नातू विचारी, तेव्हा मला त्यातला ‘आबा’ तेवढा नीट लागे. घरच्यांना वाटे की मी लक्ष देत नाही, आणि मला वाटे की सगळे पुटपुटतात. ज्यांच्या घरात असे चालू आहे त्यांनी या अवस्थेत वर्षे घालवू नयेत, एवढ्याच कळकळीने हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

श्रवणयंत्राचा विचार मनात येताच दुकानाकडे न वळता मी प्रथम जळगावला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो, आणि हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरांनी दुर्बिणीतून कान पाहिले, डाव्या कानात घट्ट बसलेला मळ काढला, पडदा शाबूत असल्याची खात्री करून घेतली आणि काही प्रश्न विचारले. कान वाहतो का? चक्कर येते का? ऐकणे हळूहळू कमी झाले की एकदम? दोन्ही कानांत सारखे कमी झाले की एकाच? एका कानाचे ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक गेले तर तो तातडीचा आजार समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, असे त्यांनी आवर्जून सांगितले, कारण त्यावरील औषधोपचाराचा उपयोग सुरुवातीच्या काळातच होण्याची शक्यता अधिक असते. एकाच कानाचे ऐकणे दुसऱ्यापेक्षा बरेच कमी असले तरी यंत्र लावण्याआधी त्याचे कारण शोधावे लागते. माझ्या बाबतीत असे काही नव्हते, म्हणून त्यांनी मला श्रवण तपासणीसाठी ऑडिओलॉजिस्टकडे पाठवले.

ही तपासणी मी नीट सांगतो, कारण पुढची सगळी निवड तिच्यावरच उभी राहिली. काचेची लहानशी खिडकी असलेल्या, बाहेरचा आवाज आत न येणाऱ्या एका खोलीत मला बसवले आणि कानांवर हेडफोन लावून हातात बटण दिले. अगदी बारीक आवाज आला, आल्यासारखा वाटला, तरी बटण दाबायचे. आवाजाची पातळी कमी कमी होत जाई, आणि जेथे तो जेमतेम ऐकू येई ती माझी त्या स्वराची मर्यादा. असे २५० हर्ट्झच्या जाड स्वरापासून ८००० हर्ट्झच्या तीक्ष्ण स्वरापर्यंत दोन्ही कानांचे झाले. मग कानामागच्या हाडावर एक ठोकळी बसवून तीच तपासणी पुन्हा केली. हाडावाटे आवाज थेट आतल्या कानापर्यंत जातो. त्यामुळे दोष बाहेरच्या व मधल्या कानात आहे की आतल्या, ते या दोन मापांच्या तुलनेने समजते. या वेळी दुसऱ्या कानात वाऱ्यासारखा सूं-सूं आवाज सोडलेला असतो, म्हणजे तो कान मध्ये पडून उत्तर देत नाही.

हाती आलेल्या आलेखाच्या कागदावर उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्यासाठी निळ्या फुल्या होत्या. ही खूण सगळीकडे सारखीच असते. त्यावरचा डेसिबलचा आकडा जितका मोठा तितके ऐकणे कमी. ५०० हर्ट्झला माझे ऐकणे २५ डेसिबलवर, १००० ला ३५ वर, २००० ला ५० वर, आणि ४००० वर ती रेषा एकदम ७० पर्यंत खाली गेली होती. ८००० वर ती पुन्हा थोडी वर, ६० वर आली होती. ऑडिओलॉजिस्ट ताईंनी त्या खड्ड्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारले, ‘काका, कारखान्यात होतात का?’ मी काहीच सांगितलेले नव्हते. ४००० हर्ट्झच्या आसपास पडणारा आणि पुढे थोडा वर येणारा असा खड्डा हे गोंगाटात काम केलेल्या कानाचे ओळखीचे चिन्ह आहे, असे त्यांनी समजावले. आतल्या कानातील ज्या सूक्ष्म रोमपेशी त्या भागातले स्वर टिपतात त्या झिजलेल्या असतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वयाने येणाऱ्या बहिरेपणात ही रेषा सहसा शेवटपर्यंत खाली खाली उतरत जाते. माझ्यात दोन्हींचा थोडाथोडा वाटा होता.

मग तोंडासमोर कागद धरून त्यांनी एक एक शब्द उच्चारला आणि मी तो पुन्हा म्हणायचा होता. शांत खोलीत मला उजव्या कानाने ८४ टक्के आणि डाव्याने ७६ टक्के शब्द बरोबर सांगता आले. मागे गोंगाट सोडल्यावर मात्र हे प्रमाण बरेच खाली आले. चुकलेले शब्द पाहिले तेव्हा सगळा उलगडा झाला. स, श, त, क, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा भाग वरच्या स्वरांत असतो आणि तो ताकदीने कमी असतो, तर आ, ओ, ऊ यांचे बळ खालच्या स्वरांत असते. माझ्या कानाला आ, ओ, ऊ हे मिळत होते आणि व्यंजने गळत होती. ‘चाय’, ‘साय’, ‘काय’, ‘जाय’ यांतून मला फक्त ‘आय’ मिळे आणि उरलेले अंदाजाने भरावे लागे. कोणी मोठ्याने बोलले तरी हे सुधारत नाही, कारण ओरडताना वाढतो तो मुख्यतः आ, ओ, ऊ यांचाच जोर. ‘आखो कितलं मोठं बोलू?’ असे सौ. वैतागून म्हणे, आणि तिचे म्हणणे बरोबरच होते; मोठे बोलून तो प्रश्न सुटणारा नव्हताच.

या आलेखाची एक फसवी बाजू आहे. ५००, १००० आणि २००० हर्ट्झ यांची सरासरी काढली तर माझा दोष जेमतेम ३७ डेसिबलचा, म्हणजे ‘सौम्य’ या नावाखाली मोडणारा ठरतो, कारण ४००० वरचा खड्डा त्या सरासरीत धरलाच जात नाही. कागदावर ‘सौम्य’ वाचून ‘यंत्राची गरज नाही’ असे मला एक-दोघांनी सांगितलेही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरांमध्ये ६० ते ७० डेसिबलचा दोष असेल तर ती व्यक्ती ‘ऐकण्यास जड’ या वर्गात येते; त्यामुळे प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणारे सरकारी साहाय्य माझ्यासाठी नव्हते. ज्यांचा दोष त्या मर्यादेत बसतो त्यांनी जिल्हा रुग्णालयातून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, काढून दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी अवश्य करावी. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे आणि तिच्या साहित्यात श्रवणयंत्रही आहे.

आता खरेदीविषयी. तपासणीच्या सुमारासच आमच्या गावात एका सभागृहात ‘मोफत कान तपासणी शिबिर’ भरले होते, म्हणून तेथेही जाऊन आलो. सभागृहात पंखे, लोकांची गर्दी, बाहेर रिक्षांचे आवाज. अशा ठिकाणी काढलेला आलेख विश्वसनीय होऊच शकत नाही. तरी दहा मिनिटांत तपासणी उरकून त्यांनी मला कानाच्या आत पूर्ण लपणारे लहानसे यंत्र दाखवले, ‘आजच घेतले तर निम्म्या किमतीत’ असे सांगितले आणि ते कानात घालूनही दिले. ते घालताच माझा स्वतःचा आवाज मला हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमू लागला. ‘सवय होईल’, असे उत्तर मिळाले. माझ्याआधी रांगेत असलेल्या एका वृद्ध मावशींनी मात्र तेच यंत्र त्याच दिवशी पैसे भरून घेतले, आणि पुढे काही दिवसांतच ते कपाटात गेले. मला याचा आजही राग आहे. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला घाईत, गोंगाटात, सवलत हुकण्याची भीती घालून वस्तू विकणे हे माझ्या मते अत्यंत अयोग्य आहे.

घुमण्याचे कारण मला ताईंकडे समजले. कानाची नळी बाहेरून पूर्ण बंद केली की आपल्या बोलण्याने जबड्यातून व हाडांतून नळीत उतरणारे खालचे स्वर बाहेर पडू शकत नाहीत आणि आतच घुमत राहतात. ज्याचे खालच्या स्वरांचे ऐकणे मुळातच गेलेले आहे त्याला त्याचा फार त्रास होत नाही. पण माझे खालचे स्वर जवळजवळ शाबूत होते, म्हणजे बंद नळीचे यंत्र माझ्या आलेखाच्या अगदी विरुद्ध होते. मला हवे होते असे काही, की जे खालचे स्वर नैसर्गिकपणे आत येऊ देईल आणि फक्त वरचे स्वर उचलून देईल. यासाठी कानामागे बसणारे, आणि ज्याचा छोटा स्पीकर बारीक तारेने कानात उतरतो असे, रिसीव्हर-इन-कॅनाल प्रकारचे यंत्र त्यांनी सुचवले. त्या स्पीकरवर छिद्रे असलेली मऊ सिलिकॉनची टोपी बसते, तिला डोम म्हणतात.

तेथे दुसरी अडचण निघाली. कान जितका मोकळा ठेवावा तितका यंत्राने वाढवलेला आवाज बाहेर निसटून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिटी वाजू लागते. ४००० हर्ट्झवर माझ्या कानाला मोठी वाढ लागते, आणि मोकळ्या डोमसह तेवढी वाढ दिली की उशीवर डोके टेकताच किंवा नातवाला जवळ घेताच यंत्र शिटी मारी. आजच्या यंत्रांत ही शिटी दाबण्याची सोय असते, पण तिलाही मर्यादा आहे. म्हणून माझ्या कानाच्या मापाचा साचा बनवून त्याला मोठे छिद्र ठेवायचे, हा मधला मार्ग ठरला.

साच्यासाठी कानाचे माप घेणे हा प्रकार मला आधी भीतीदायक वाटला होता. प्रत्यक्षात ताईंनी उजेडात कान पाहून, दोरा बांधलेला स्पंजचा एक लहान तुकडा नळीत खोलवर बसवला, म्हणजे पुढे घालायचा लगदा पडद्याकडे जाऊ नये. मग दोन रंगांचे सिलिकॉन एकत्र मळून पिचकारीने हळूहळू कानात भरले. गार, जड आणि सगळा आवाज बंद करणारा असा तो स्पर्श होता. तो लगदा घट्ट होईपर्यंत काही मिनिटे शांत बसायचे होते, पण मधूनमधून जबडा उघडायला आणि मिटायला त्यांनी सांगितले, कारण चावताना व बोलताना नळीचा आकार बदलतो आणि तोंड मिटून घेतलेल्या मापाचा साचा पुढे जेवताना सैल पडू शकतो. शेवटी कानाची पाळी थोडी मागे ओढून त्यांनी तो बाहेर काढला, तेव्हा माझ्या कानाचा आतला सगळा वळसा हातात आला. नळीचे दुसरे वळणही त्यात स्पष्ट उमटले होते. साचा कडक ॲक्रिलिकचा घ्यायचा की मऊ सिलिकॉनचा, यावर माझ्या बोटांचा विचार झाला. कडक साचा पकडायला व फिरवून बसवायला सोपा जातो, म्हणून मी तो घेतला.

बोटांचाच विचार बॅटरीच्या वेळी करावा लागला, आणि या मुद्द्याकडे दुकानांत फारसे कोणी लक्ष वेधत नाही. अशा यंत्रांत झिंक-एअर प्रकारचे छोटे सेल चालतात आणि त्यांचे आकार वेष्टनावरील रंगांवरून ओळखतात: पिवळा म्हणजे १०, तपकिरी म्हणजे ३१२, नारिंगी म्हणजे १३ आणि निळा म्हणजे ६७५. सेलच्या पाठीवरची चिकट पट्टी काढली की छिद्रांतून हवा आत जाते आणि तो जागा होतो. म्हणून पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मगच यंत्रात घालावा, आणि एकदा पट्टी काढली की ती पुन्हा चिकटवून सेल राखून ठेवता येत नाही. १० क्रमांकाचा सेल माझ्या बोटांतून सारखा निसटे. १३ क्रमांकाचा मला चष्मा न लावताही बदलता येतो. चार्जिंगची यंत्रे आता सर्वत्र मिळतात आणि ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी ती उत्तम आहेत. मी ती टाळली त्याची कारणे माझ्यापुरती आहेत. आषाढीपूर्वी संत मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर मी काही टप्पे चालतो, तेथे रात्री चार्जर लावायला जागा आणि वीज मिळेलच असे नसते, तर खिशातली सेलची पत्ती कुठेही चालते. शिवाय आतली लिथियम बॅटरी काही वर्षांनी दमते, तेव्हा यंत्र दुरुस्तीला पाठवावे लागते.

एक कान की दोन, हा प्रश्न पैशांमुळे घरात बराच चर्चिला गेला. दोन्ही कानांत दोष सारखा असताना एकच यंत्र लावले तर आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदूला नीट ठरवता येत नाही आणि गोंगाटात बोलणे वेगळे काढणेही अवघड जाते. ताईंनी मला आधी एक यंत्र लावून आणि मग दोन्ही लावून तीच शब्दांची यादी गोंगाटासह ऐकवली. फरक मला स्वतःला इतका जाणवला की पुढे वाद उरला नाही. किमती काही हजारांपासून जोडीला दोन-तीन लाखांपर्यंत जातात. दोन मध्यम दराची यंत्रे ही एका भारी यंत्रापेक्षा माझ्यासारख्याला अधिक उपयोगी, असे माझे मत तेव्हा बनले आणि आजही तेच आहे.

किंमत वाढते ती मुख्यतः कशामुळे, हेही विचारून घेतले. आवाज किती पट्ट्यांत विभागून प्रत्येकीची वाढ वेगळी ठरवता येते, गोंगाट किती हुशारीने दाबला जातो, समोरच्या बाजूचा आवाज पकडणारे मायक्रोफोन किती बारकाईने काम करतात, मोबाइल थेट जोडता येतो का, अशा गोष्टींवर दर ठरतो. माझ्या आलेखाला अशा १६ पट्ट्या, म्हणजे चॅनेल, पुरेशा होत्या. मोबाइल जोडण्याची सोय मात्र घेतली, कारण मुलगी नाशिकला असते आणि तिचा आवाज दोन्ही कानांत थेट येणे ही माझ्यासाठी चैन नव्हती. येथे एक खबरदारी सांगतो: प्रत्येक यंत्र प्रत्येक फोनला जोडले जात नाही, म्हणून आपला फोन सोबत नेऊन, जोडून, बोलून पाहावे. यंत्राचे सॉफ्टवेअर विक्रेत्याने कुलूपबंद केलेले नाही ना, हेही विचारावे. काही यंत्रे विशिष्ट दुकानांच्या साखळीतच जुळवून मिळतात. ते दुकान बंद झाले किंवा गाव बदलले तर दुसरा ऑडिओलॉजिस्ट त्यांना हात लावू शकत नाही.

मुलीचा आग्रह मुंबईत जाऊन यंत्र घेण्याचा होता. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात काम करते, तिचा लौकिकही मोठा आहे, आणि गुंतागुंतीचा दोष असता तर मी तेथे गेलोच असतो. पण यंत्र घेतल्यावर ते जुळवून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा जावे लागते. बारीकसारीक बदल दोन-तीन बैठकांत संपत नाहीत. धरणगावहून जळगाव एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून जवळचा जाणकार हाच मला योग्य पर्याय वाटला. त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, एवढे मात्र पाहून घ्यावे. तो नोंदणी क्रमांक सहसा अहवालाखाली सहीजवळ असतो.

यंत्र हातात आले त्या दिवशी कानात एक केसासारखी बारीक नळी पडद्याजवळपर्यंत सरकवून, तिच्यावर यंत्र बसवून, समोरच्या स्पीकरमधून हळू, मध्यम आणि मोठ्या आवाजातले बोलणे सोडले गेले. माझ्या पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो त्याची रेषा संगणकावर उमटे, आणि आलेखावरून काढलेल्या अपेक्षित रेषेशी ती जुळेपर्यंत ताई वाढ कमी-जास्त करीत. ही अपेक्षित रेषा त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजच्या एनएएल-एनएल२ या सूत्राने काढली होती. प्रत्येक कानाची पोकळी वेगळी असल्याने कंपनीने आधी भरून दिलेली वाढ सगळ्यांना लागू पडत नाही. म्हणून जेथे या मापनाची सोय असेल तेथे ते करून घेतल्याशिवाय उठू नये, असे मी आता सगळ्यांना सांगतो. उत्तम यंत्र चुकीच्या जुळवणीने निरुपयोगी होते आणि साधे यंत्र चांगल्या जुळवणीने दिवसभर कानात राहते, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

अशा कानाचा आणखी एक विचित्र गुण असतो. हळू आवाज ऐकू येत नाही, पण आवाज थोडा वाढला की तो एकदम असह्य होतो. दोन्हींच्या मधली जागा अरुंद झालेली असते. यंत्राला म्हणूनच हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवावा लागतो. ऑनलाइन मिळणारी हजार-दीड हजारांची आवाज वाढवणारी उपकरणे बहुधा सगळेच सरसकट वाढवतात, आणि म्हणून ती लावणारा माणूस भांडे पडले की दचकून उठतो.

सुरुवातीला अपेक्षेपेक्षा थोडी कमीच वाढ ठेवून ती पुढे टप्प्याटप्प्याने वाढवायची, असे ठरले होते. घरी आल्यावर पहिल्यांदा जाणवले ते कागदाचे चुरचुरणे, चपलेचा फरशीवरचा आवाज, फोडणीतली मोहरी. हे सगळे वरच्या स्वरांतले आवाज माझ्या मेंदूने कित्येक वर्षांत ऐकलेच नव्हते, त्यामुळे त्यांतले काय महत्त्वाचे आणि काय नाही हे तो विसरला होता. शांत खोलीत सौ.शी बोलण्यापासून सुरुवात करून मग दोघा-तिघांत, मग बाजारात, असे मी यंत्र लावून वावरण्याची जागा वाढवत नेली. यंत्र दिवसातून किती तास चालू होते याची नोंद त्यातच होत असते, आणि पुढच्या भेटीत ती संगणकावर दिसते. त्यामुळे ‘लावतो हो रोज’ असे नुसते म्हणून भागत नाही.

खरी परीक्षा कूलरची होती. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि खिडकीला लावलेला लोखंडी कूलर दिवसभर घरघरत असतो. दुकानातल्या शांत, वातानुकूलित खोलीत घेतलेला निर्णय या कूलरसमोर टिकला नाही तर त्याचा उपयोग नाही, म्हणून यंत्राची चाचणी उन्हाळ्यातच, घरी करण्याची मुदत मी मागून घेतली होती. पहिल्या जुळवणीत कूलर चालू असताना सुनेचे बोलणे कळत नव्हते. मी ताईंना नुसते ‘नीट ऐकू येत नाही’ असे न सांगता एका वहीत प्रसंग लिहून नेले: कोण बोलत होते, किती अंतरावरून, मागे कसला आवाज होता, कोणता शब्द चुकला. त्यावरून त्यांनी घरासाठी वेगळा प्रोग्राम केला, ज्यात खालची घरघर दाबली जाते आणि मायक्रोफोन समोरचे अधिक पकडतात. सोबत बसण्याची जागाही बदलायला सांगितली: कूलर माझ्या पाठीशी आणि बोलणारा समोर. या साध्या बदलाने जितका फरक पडला तितका तर यंत्राच्या बटणानेही पडला नाही. कीर्तनासाठी असेच एक सेटिंग आहे, कारण टाळांचा झणत्कार वाढवलेल्या वरच्या स्वरांत बोचू लागतो आणि बुवांचे शब्द त्याखाली दबतात. लग्नातल्या डीजेपुढे मात्र मी यंत्र काढून डबीत ठेवतो आणि तेथून दूर बसतो. शिल्लक आहेत त्या पेशी जपायच्या आहेत.

आमच्या भागात घाम हा यंत्राचा मोठा शत्रू आहे. रात्री सेलचे दार उघडे ठेवून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे, टोकाला बसणारी मळाची बारीक जाळी वेळेवर बदलावी, साचा कोरड्या कापडाने पुसावा आणि यंत्र उन्हात तापलेल्या गाडीत कधी ठेवू नये. आवाज अचानक मंद झाला की बहुतेक वेळा जाळी मळाने बंद झालेली असते.

माझे पाहून जिनिंगमधील एक जुने सहकारी ‘मलाही हेच यंत्र आणून द्या’ म्हणाले. मी त्यांना दुकानात न नेता आधी तपासणीला नेले. त्यांच्या आलेखात खड्डा होता, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे उजव्या कानात हाडावाटे ऐकणे बरेच चांगले आणि हवेवाटे ऐकणे कमी निघाले, म्हणजे दोषाचा मोठा भाग मधल्या कानात होता. डॉक्टरांनी पाहिले तेव्हा पडद्याला जुने छिद्र सापडले. तो कान पावसाळ्यात वाहतो हे या सहकाऱ्यांनी आम्हाला कधी सांगितलेच नव्हते. अशा कानात साचा बसवला तर ओल वाढून त्रास आणखी वाढू शकतो. डॉक्टरांनी कान कोरडा करण्याचे औषध दिले आहे, आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा घालायला सांगितले आहे आणि कान कोरडा राहिला की पडद्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करू असे म्हटले आहे. डाव्या कानासाठी यंत्राची चाचणी त्यानंतर नव्या आलेखावर होणार आहे.